तयार पॉटिंग मिक्स पावसाळ्यात सुकतच नाही, झाडं पिवळी पडतात: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

पाऊस स्थिरावला की पणजी-पर्वरीपासून फोंडा-मडगावपर्यंत मला एकच तक्रार ऐकू येते. "चांगली महागातली पिशवी आणून झाड लावलं, मे महिन्यापर्यंत टवटवीत होतं, आता पानं पिवळी पडतायत. खत कमी पडतंय का?" फ्लॅट, ऑफिसं आणि होमस्टे यांतल्या कुंड्या सांभाळणं हेच माझं काम आहे आणि दर पावसाळ्यात हाच बिघाड मी घरोघरी दुरुस्त करते. बहुतेक ठिकाणी खत कमी पडलेलं नसतं. मुळांना हवा कमी पडलेली असते.

कारण समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या तपासण्या सोप्या जातात. बाजारात मिळणाऱ्या तयार मिश्रणात मोठा भाग कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा असतो, त्यात गांडूळखत, कुठे थोडं परलाइट (खनिजाचे पांढरे, हलके, फुगवलेले दाणे), कुठे निंबोळी पेंड. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरून ठेवतं. पुण्यात किंवा दिल्लीत, जिथे उन्हाळ्यात कुंडी एका दिवसात कोरडी होते, तिथे हा गुण वरदान आहे. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस नव्वद टक्क्यांच्या घरात असते, पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या बंद, ऊन नाही, आणि झाडाची वाढही मंदावलेली. कुंडीतलं पाणी जाणार कुठे? म्हणजे पिशवी वाईट नसते. ती आपल्या जुलैसाठी बनलेली नसते, आणि ती आपल्या जुलैसाठी करून घेता येते.

आधी लक्षणं नीट बघा

खालची जुनी पानं एकामागून एक पिवळी पडतात, पण नवं पान बरं दिसतं. माती ओली असूनही झाड मान टाकतं. पीस लिली आणि सिंगोनियमवर हे सर्वांत आधी दिसतं. स्नेक प्लांट आणि झेडझेड मात्र आठवडेच्या आठवडे काही दाखवत नाहीत आणि मग एक दिवस पान धरलं की बुडापासून सुटून हातात येतं. पानांच्या टोकांना तपकिरी कड आणि भोवती पिवळी रेघ. मातीजवळ दोन-तीन मिलिमीटरच्या काळ्या माश्या उडतात, लॅपटॉपच्या पडद्याभोवती घिरट्या घालतात. मातीला आंबूस, गटाराजवळ येतो तसा वास. वर हिरवट शेवाळाचा थर, किंवा पांढरी मिठासारखी पापडी.

दोन गोष्टींना लोक उगाच घाबरतात. मातीवर पांढरी कापसासारखी बुरशी आली तर ती कुजणाऱ्या खतावर जगते, जिवंत मुळांना सहसा हात लावत नाही. ती ओलावा जास्त असल्याची खूण आहे, एवढंच. दुसरी म्हणजे कुंडीत अचानक उगवणारी पिवळीधमक छोटी छत्री. झाडाला तिचा त्रास नाही, पण ती खाण्याची नाही. आपल्याकडे पावसात अळम्यांची आवड घराघरात आहे, म्हणून लहान मुलांना हे आवर्जून सांगा.

आणि एक उलटं लक्षणही असतं. पाणी घातलं की लगेच खालून वाहून जातं, तरी झाड सुकलेलं आणि कुंडी हलकी. तेव्हा अडचण ओलाव्याची नसून मिश्रण पार कोरडं पडून कुंडीच्या कडेपासून सुटल्याची असते. एसी ऑफिसात आणि एप्रिल-मेमध्ये हे होतं. उपाय सोपा: कुंडी अर्धा तास बादलीतल्या पाण्यात बसवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. त्या झाडासाठी हा लेख इथेच संपला.

बाकीच्यांनी खालच्या क्रमानेच जावं. पहिल्या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तिथेच मिटतात.

हात आणि हीर

कुंडी उचलून वजन ओळखा. पाणी दिल्यावर लगेच एकदा उचला, मग रोज. चार-पाच दिवसांत हाताला फरक कळला पाहिजे. आठवडा झाला तरी कुंडी तितकीच जड लागत असेल तर निदान जवळजवळ झालंच.

नुसतं बोट खुपसून समाधान मानू नका. बोट दोन इंच जातं, आणि वरचे दोन इंच पंख्याच्या वाऱ्याने कोरडे होतात, खाली चिखल तसाच असतो. वर कोरडं दिसलं म्हणून पाणी घालणारी माणसं ओल्या मुळांवर आणखी पाणी ओततात. माडाच्या केरसुणीतला एक कोरडा जाड हीर घ्या, कुंडीच्या बुडापर्यंत सावकाश घाला, दहा मिनिटांनी काढा. किती उंचीपर्यंत माती चिकटली आहे, कुठपर्यंत हीर काळपट ओला झाला आहे, ते दिसतं. घरातल्या बहुतेक झाडांना खालचा एक तृतीयांश भाग ओला आणि वरचा सुका झाल्यावरच पाणी हवं. स्नेक प्लांट आणि झेडझेडला तर हीर पूर्ण कोरडा निघेपर्यंत नको. जुलैत म्हणजे दोन-तीन आठवडे एक थेंबही नाही, आणि त्यात झाडावर कसलाही अन्याय नाही.

"दर रविवारी पाणी" हा नियम पावसाळ्यात सोडून द्या. वार बघून पाणी देऊ नका, हीर बघून द्या.

बाहेरची शोभेची कुंडी

ही तपासणी इतकी साधी आहे की ती कोणी करत नाही. झाड नर्सरीच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, आणि ती सिरॅमिकच्या सुंदर, भोक नसलेल्या कुंडीत ठेवलेली. आतली कुंडी उचला. खाली बोटभर पाणी साचलेलं दिसलं तर मिश्रण बदलण्याआधी ते ओतून टाका. पाणी साचलं की आतली कुंडी ते परत वर ओढत राहते, आणि मग कितीही उत्तम मिश्रण असलं तरी खालची मुळं बुडलेलीच. बाहेरच्या कुंडीच्या तळाशी कौलाचे दोन तुकडे ठेवून आतली कुंडी थोडी वर उचलून घ्या.

कुंडीखालच्या ताटलीचंही तेच. पाणी दिल्यावर वीस मिनिटांनी ताटली रिकामी करायची. एवढंच करून पर्वरीच्या एका घरातल्या अरेका पामवरच्या माश्या पावसातच कमी झाल्या, दुसरं काही करावं लागलं नाही.

भोकं आणि तळाची खडी

भोकं बुजली आहेत का, हे कुंडी आडवी करून बघा. प्लास्टिकच्या कुंड्यांची भोकं कधी कधी पूर्ण पाडलेलीच नसतात, पातळ पापुद्रा राहिलेला असतो. तापलेल्या खिळ्याने ती मोकळी करा. मातीच्या कुंडीच्या एकुलत्या एका भोकावर खापरी सपाट बसली असेल तर तिने भोक झाकलेलं असतं. तिच्याऐवजी जाळीचा तुकडा ठेवा.

आता तळाशी खडी घालण्याबद्दल, कारण या सवयीने होणारं नुकसान मी सतत बघते. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी दोन इंच खडी किंवा चिऱ्याचे तुकडे घालायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्याने निचरा सुधारत नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, पाणी टपकायचं थांबू द्या, मग तोच उभा करा: आणखी पाणी गळतं. पाणी थांबतं तिथेही स्पंजच्या खालच्या कडेला एक चिंब पट्टा उरतो. प्रत्येक कुंडीत, भोकं कितीही असली तरी, मिश्रणाच्या तळाशी असा चिंब पट्टा राहतो, कारण बारीक कणांमधल्या फटी पाण्याला धरून ठेवतात. खाली खडी घातली की तो पट्टा नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खडी काढा आणि तेवढीच जागा मोकळ्या मिश्रणाने भरा.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. उथळ, पसरट कुंडीत तोच चिंब पट्टा एकूण मातीचा मोठा हिस्सा व्यापतो. म्हणून एकाच पिशवीतलं मिश्रण उंच कुंडीत चालतं आणि उथळ बोन्सायच्या ताटात कुजतं. लहान झाड मोठ्या कुंडीत लावलं तरी हाच त्रास: मुळं जिथे पोहोचलेलीच नाहीत ती माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. कुंडी बदलताना आधीच्यापेक्षा एक-दोन इंचच मोठी घ्या.

जागा आणि वारा

झाड खिडकीपासून किती लांब आहे ते बघा. पावसाळी ढगांत खोलीच्या कोपऱ्यातला उजेड अगदीच कमी होतो, आणि उजेड नसलेलं झाड पाणी पीत नाही. चार महिन्यांपुरतं ते खिडकीजवळ आणा. बाल्कनीत ठेवत असाल तर झडीचा पाऊस थेट कुंडीत येत नाही ना, ते वाऱ्याच्या दिवशी बघा. छपराखाली असलेली कुंडीही झडीत भिजते. दिवसातून काही तास पंख्याचा हलका वारा मिळाला तर फार फरक पडतो. याहून जास्त या तपासणीत काही नाही.

पिशवीचीच परीक्षा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर मिश्रणाकडे वळा. ओलं मिश्रण मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर बरं. लाडू वळल्यासारखा तसाच राहिला, किंवा दाबताना बोटांमधून पाणी आलं, तर ते जड आहे.

मोजून बघायचं असेल तर माझी नेहमीची पद्धत अशी. एक लिटरची प्लास्टिकची बाटली अर्ध्यावर कापू नका, फक्त मानेखाली कापा, म्हणजे उंची शिल्लक राहते. तळाला पाच-सहा भोकं पाडून त्यांवर चिकटपट्टी लावा. आत किती पाणी मावतं ते आधी मापून घ्या. समजा ८०० मिलिलिटर. मग त्या उंचीपर्यंत थोडं ओलसर मिश्रण भरा, एक-दोनदा हलकेच आपटा, आणि सावकाश पाणी घालत जा, पृष्ठभाग चकचकीत दिसेपर्यंत. तासभर मुरू द्या, पुन्हा चकाकी येईल इतकं पाणी घाला. आता परातीवर धरून चिकटपट्टी काढा आणि टपकणं थांबेपर्यंत थांबा. परातीत जितकं पाणी आलं, तितकी जागा निथळल्यावर हवेला मोकळी झाली. ८०० मिलिलिटरच्या बाटलीतून ८० मिलिलिटरसुद्धा आलं नाही, म्हणजे दहा टक्क्यांहून कमी, तर ते मिश्रण पावसाळ्यात घरात वापरू नका. १२० ते २०० च्या दरम्यान आलं तर मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, अ‍ॅग्लोनेमा सुखाने जगतात. त्याहून फार जास्त आलं तर ते ऑर्किडच्या जातीचं मिश्रण झालं, ते उन्हाळ्यात रोज पाणी मागेल. चाचणीची बाटली तुमच्या कुंडीएवढीच उंच असेल तर आकडा जास्त खरा येतो.

खरेदी करतानाच काही गोष्टी बघता येतात. पिशवी लिटरवर विकत घ्या, किलोवर नाही. ओल्या पिशवीत तुम्ही पाण्याचे पैसे देता. घटक छापलेले नसतील तर ती ठेवून द्या. दुकानाबाहेर पावसात थप्पी लावलेली, टाचणीएवढी भोकं पडलेली पिशवी नको. हवा न मिळाल्याने आतलं खत सडतं आणि उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. आणलीच असेल तर कापडावर पातळ पसरून दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवा, वास गेल्याशिवाय वापरू नका. "पाणी धरून ठेवणारं" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मिश्रण घरातल्या कुंडीसाठी इथे टाळाच.

मीठ

टोकं करपलेली, वर पांढरी पापडी, पण माती फार ओली नाही, असं असेल तर क्षार साचले असण्याची शक्यता मोठी. कोकोपीट नारळाच्या सोडणापासून बनतं. ती सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, आणि काथ्यात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम भरपूर असतं. चांगलं धुतलेलं नसेल तर ते सगळं तुमच्या कुंडीत येतं. स्वस्त विटा घरी भिजवून वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त. शिवाय किनाऱ्याजवळच्या गावांत काही विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं आणि तेच कुंड्यांना जातं.

पाणी शुद्ध करायच्या यंत्राबरोबर मिळतो तो पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर हे स्वस्तात तपासता येतं. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तासाभराने आणखी कपभर पाणी वरून घाला, आणि खालून येणारं पाणी वाटीत धरून मोजा. आकडा १५०० च्या वर असेल तर खत बंद करा आणि कुंडी धुवा: कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी मोरीत धरून हळूहळू वरून सोडा. पण हे धुणं जड मिश्रणात करू नका. आधी ते मोकळं करा, नाहीतर मीठ गेलं आणि मुळं बुडाली, असं होईल. नवीन कोकोपीटची वीट असेल तर लावण्याआधीच दोन-तीन पाण्यांतून काढा.

याच कारणासाठी समुद्राची वाळू आणि खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतातली माती कुंडीत कधीही घालू नका. वाळूत मिठाबरोबर शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने सामू (पीएच) चढतो आणि नवी पानं पिवळी पडायला लागतात.

मिश्रण मोकळं करणं

आता हात मातीत घालायचा. आधी झाड हलकेच बाहेर काढून मुळं बघा. पांढरी, कडक, टोकाला ताजी असतील तर मुळांचा गोळा तसाच ठेवून फक्त बाजूचं आणि खालचं मिश्रण बदला. तपकिरी, लिबलिबीत असतील आणि ओढल्यावर वरचं साल निघून आत दोऱ्यासारखा तंतू उरत असेल तर ती कुजली आहेत. ती निर्जंतुक कात्रीने, चांगला भाग दिसेपर्यंत कापा. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

काय मिसळायचं? परलाइट उत्तम, पण महाग, आणि कोरडं ओतताना त्याची धूळ नाकात जाते. गोव्यात त्याला चांगले पर्याय घराजवळ आहेत. जुनी घरं उतरवताना निघालेली मंगळुरी कौलं फोडून, चाळून, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे तुकडे वेगळे करा आणि बारीक भुकटी फेकून द्या. भुकटी ठेवली तर ती फटी भरते आणि सगळं काम वाया जातं. माझा सर्वांत जास्त भरवसा या तुकड्यांवर आहे: कुजत नाहीत, दबत नाहीत, वर्षानुवर्षं पुन्हा वापरता येतात. वाईट एकच, कुंडी जड होते. दुसरं, नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे. ते चार-पाच दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला, पाणी तपकिरी यायचं थांबलं की वापरा. तिसरं, भाताच्या गिरणीतलं तूस, शक्यतो जळकं, काळं झालेलं. कच्चं तूसही सावकाश कुजतं म्हणून चालतं, पण त्यातला एखादा भाताचा दाणा कुंडीत रुजतो. स्वयंपाकाच्या लाकडी कोळशाचे तुकडे मूठभर चालतात. लाकडाचा भुसा नको. तो कुजताना नायट्रोजन ओढून घेतो आणि झाड आणखी पिवळं पडतं.

प्रमाण मापाने घ्या, वजनाने नाही. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम यांना दोन भाग पिशवीतलं मिश्रण, एक भाग कौलाचे तुकडे किंवा परलाइट, एक भाग सोडणाचे तुकडे. स्नेक प्लांट आणि झेडझेडला एक भाग मिश्रण आणि एक ते दीड भाग कौलाचे तुकडे. पीस लिली आणि नेच्यांना ओलावा लागतो, म्हणून तीन भागांना एक भाग पुरे. गांडूळखत पिशवीत आधीच असतं, वरून आणखी घालू नका. ते बारीक असतं आणि फटी बुजवतं. कालवल्यावर बाटलीची चाचणी पुन्हा करा. आकडा वाढलेला दिसला नाही तर तुमचे तुकडे फार बारीक आहेत.

तांबड्या मातीबद्दल ठामपणे सांगते, कारण जवळजवळ प्रत्येक घरात हा प्रश्न येतो. मळ्यात, परसात ती मोलाची आहे, आणि तिच्याशिवाय झाड जगेल यावर वडीलधाऱ्यांचा विश्वास बसत नाही. फोंड्याच्या एका काकूंनी पिशवीतल्या मिश्रणात निम्मी परसातली माती कालवली होती. "काकू, ही माती जमिनीत असते तेव्हा तिच्यात गांडुळं असतात, मुळांच्या वाटा असतात, खाली पाणी जायला जागा असते," मी म्हटलं. "कुंडीत यातलं काहीच नाही." जांभ्याच्या मातीतला बारीक चिकण भाग कोकोपीटच्या तंतूंमधल्या फटींत जाऊन बसतो, आणि दोन-तीन पावसाळी आठवड्यांत मिश्रण घट्ट होतं. बाहेरच्या मोठ्या कुंडीत, जास्वंदीला किंवा मोगऱ्याला, ती चौथा हिस्सा चालेल. घरात, कमी उजेडात, मला ती अजिबात नको वाटते. आणि आपली माती आम्लधर्मी असते म्हणून मुठीने चुना घालायची जी रीत आहे ती शेतातली आहे, कुंडीतली नाही. कोकोपीटचा सामू साधारण साडेपाच ते साडेसहा असतो, घरातल्या बहुतेक झाडांना तो मानवतो. मोजल्याशिवाय चुना नको.

लावल्यावर एकदाच पाणी द्या, निथळू द्या, आणि मग हीर बघूनच. मुळं कापलेली असतील तर महिना-दीड महिना खत नाही. मुळं धडधाकट असतील आणि फक्त मिश्रण जड वाटत असेल तर जुलैतच घाई करू नका. पाणी तोडा, वारा द्या, आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर पाऊस ओसरला की सावकाश बदला. कुजलेल्या मुळांचं झाड मात्र थांबू शकत नाही, त्याला भर पावसातही काढावंच लागतं.

काळ्या माश्या

त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत राहतात, आणि अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांचा असतो. म्हणून एकदा फवारून भागत नाही. वरचा थर कोरडा ठेवणं हाच मुख्य इलाज, त्यावर बोटभर कौलाच्या तुकड्यांचा थर टाका. पिवळे चिकट सापळे उडणाऱ्या माश्या पकडतात आणि त्या कमी होतायत की नाही हे दाखवतात. त्यानेही आटोक्यात येत नसतील तर डासांच्या अळ्यांसाठी मिळणारं बीटीआय हे जैविक औषध लेबलवरच्या प्रमाणात पाण्यातून, आठवड्याच्या अंतराने, महिनाभर द्या. रासायनिक कीटकनाशक झोपायच्या खोलीतल्या कुंडीत ओतू नका.

कुठे थांबायचं

खोडाचा मातीजवळचा भाग मऊ होऊन आत सरकत असेल तर माती बदलून ते झाड वाचत नाही. वरचा निरोगी शेंडा कापून पाण्यात किंवा ओल्या परलाइटमध्ये रुजवा, बाकीचं टाका. ते मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका, बाहेर माडाच्या आळ्यात टाकलं तर चालेल.

दोन माणसांना न उचलणारी कुंडी एकट्याने आडवी करू नका. पाठ आणि फरशी, दोन्ही जातात. त्यासाठी नर्सरीतले अनुभवी माळी बोलवा. बाल्कनीतल्या पेटीखाली स्लॅबवर ओल उतरली असेल, खालच्या मजल्याच्या छताला डाग आले असतील, तर तो मातीचा प्रश्न राहिला नाही. कुंड्या हलवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा. कुंडीमागच्या चौकटीवर वाळवीची मातीची नळी दिसली तर कीड नियंत्रणवाल्याला, लगेच.

स्वतःच्या तब्येतीबाबतही थांबायची एक रेघ आहे. मेलिऑइडोसिस हा माती आणि पाण्यातल्या जंतूचा संसर्ग आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात आढळतो, आणि मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो. हाताला जखम असेल तर हातमोज्याशिवाय माती कालवू नका. कोरडं मिश्रण ओतण्याआधी थोडं ओलं करा, तोंडावर मास्क लावा. माती हाताळल्यानंतरच्या दिवसांत ताप, खोकला, धाप लागली किंवा जखम चिघळली तर डॉक्टरांकडे जा आणि मातीचं काम केलं होतं हे त्यांना न विसरता सांगा.

आणि हे सगळं केल्यावरही, मिश्रण मोकळं, पाणी बेताचं, मुळं पांढरी, तरी तीन-चार कुंड्यांत नवी पानं पिवळी येत असतील, तर अंदाजाने औषधं घालणं थांबवा. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याला एला इथल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत माती तपासण्याबद्दल विचारा. नमुना नेताना एकाच कुंडीतला नको: त्रास असलेल्या सगळ्या कुंड्यांतून, वरचा एक इंच बाजूला सारून, मधल्या भागातली थोडी थोडी माती घ्या, एकत्र कालवा, सावलीत सुकवा आणि त्यातली अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा. पिशवीवर मिश्रणातले घटक, शेवटचं खत कधी आणि कोणतं दिलं, पाणी नळाचं की विहिरीचं, हे लिहा. सामू आणि क्षारता हे दोन आकडे मागून घ्या. ते हातात येईपर्यंत कुंडीत काहीही घालू नका.